केकाण सरांची पहाटेची मॅच

पहाटे साडेपाचच्या सुमाराला आमच्या भिंतीपलीकडून आरोळी उठते, "मुकादम भाईर आला! ए शितल, मुकादम भाईर आला बघ!"

शिरूर कासारात ही आरोळी साधी नाही. इथली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, आणि मुकादम दारात आला म्हणजे भांडीकुंडी बांधायची वेळ झाली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्याकडे दूध घालणारा बाळू स्वतः दरसाल बायकोला घेऊन तोडीला जातो. त्याने ही आरोळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चैत्र चालू होता आणि त्याला गावी परतून पंधरा दिवसही झाले नव्हते. त्याच्या हातातलं माप दुधाच्या कॅनमध्ये पडलं.

"आवो सर, आत्ता तर आलो की घरला! चैतातच कावून आला मुकादम?"

मी त्याला समजावलं की हा मुकादम अमेरिकेतला आहे आणि त्याचं तुझ्याकडे काही काम नाही. त्याने विचारलं, "अमेरिकेत बी ऊस हाय का?" मी भूगोलाचा शिक्षक, खोटं बोलवेना. म्हणालो, आहे. तेव्हापासून बाळू आमच्या दारात दूध घालताना एक डोळा शेजारच्या दाराकडे ठेवून असतो.

ही आरोळी ठोकणारे ज्ञानोबा केकाण सर माझे शेजारी. आम्ही एकाच शाळेत पंचवीस वर्षं काढली. मी भूगोल शिकवायचो, ते पीटी. निवृत्तीच्या आधी आम्ही शिक्षक कॉलनीत शेजारी शेजारी जागा घेतल्या आणि मधली भिंत एकच ठेवली, हा माझ्या आयुष्यातला मोठा अविचार. मी मूळचा अंबाजोगाईचा, मला निवांतपणाची सवय. मी दोन भिंती म्हणत होतो. सर म्हणाले, "दोन कावून? आपण काय भांडणार हाव का?" भांडलो नाही, खरंच. पण गेली दोन वर्षं साखरझोप कशी असते ते मी विसरलो आहे.

सर बुटके, रुंद आणि गळ्यात शिट्टी असलेले. निवृत्त होताना सगळ्यांनी शाल, श्रीफळ घरी नेलं, सरांनी शिट्टीही नेली. भाजीवाला पुढे निघून गेला की एक शिट्टी. गल्लीत कुणी मोटारसायकल जोरात हाणली की दोन. माझ्याकडे काम असलं तर तीन, आणि मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तीन शिट्ट्या ऐकून उठून जातो, याची माझी बायको वर्षानुवर्षं चेष्टा करते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "घरी आला तरच मोजायचं." नळाला उद्या पाणी सुटणार आहे, घरी आलं तरच मोजायचं. गॅसची टाकी गाडीत चढली आहे, घरी आली तरच मोजायची. हे वाक्य त्यांनी बेसबॉलमधून उचललेलं आहे.

आता शिरूर कासारात बेसबॉल कुठून आला, ते सांगायला हवं. शाळेने एकदा क्रिकेटचं साहित्य मागवलं होतं. पेटी आली, उघडली, तर आत एक गोल जाडजूड दांडकं, चार चामडी पंजे आणि तोंडाला बांधायचा पिंजरा. हेडमास्तर म्हणाले, परत पाठवा. सर म्हणाले, "ही परत जायची अन् दुसरी यायची, तवर पोरांची लग्नं व्हतील." पेटीत नियमांची इंग्रजी पत्रिका होती, ती त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. मी जमेल तसं मराठी करून सांगितलं. त्यातले दोन नियम मी उलटे सांगितले होते हे नंतर कळलं, पण आमची शाळा वर्षभर तशीच खेळली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मुलांना हा खेळ समजेल असं मला वाटलं नव्हतं. सरांनी तो पाच मिनिटांत समजावला. मैदानात चार फरशा टाकल्या आणि म्हणाले, "हे आपलं घर. हितून निघायचं. एक मुक्काम, दोन मुक्काम, तीन मुक्काम, अन् परत घरी. घरी आला तरच मोजायचं. मधीच कुठं ऱ्हायला तर त्याचा काय उपेग?" समोर बसलेली निम्मी पोरं दरसाल आईबापाबरोबर कारखान्याच्या फडात जाणारी होती. ती माना डोलवत उठली आणि खेळायला लागली.

पुढचे सगळे शब्दही सरांनी असेच बसवले. नऊ जणांची टीम ती टोळी. बाहेर बसून हुकूम सोडणारा तो मुकादम. चेंडू फेकणारा आणि मागे बसून झेलणारा अशी जी जोडी असते, तिला ते कोयता म्हणतात, कारण तोडीवर नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. "एक तोडतो, एक मोळ्या बांधती. एकट्याचं काम न्हाई ते," असं त्यांचं म्हणणं. फेकणारा दमला की मुकादम मैदानात येतो आणि त्याला बदलतो. ती आमच्या पहाटेची आरोळी.

सरांची एकुलती एक मुलगी शितल त्या शाळेच्या टीमची कॅचर होती. तोंडाला पिंजरा बांधून ती फरशीमागे उकिडवी बसायची, तासन्‌तास. एका वर्षी आमच्या मुली पार विभागीय स्पर्धेपर्यंत गेल्या. शेवटचा डाव, दोन बाद, धावा बरोबरीत. समोरची एक मुलगी तिसऱ्या मुक्कामावरून घराकडे पळत सुटली. डावीकडच्या बाभळीपासून आमच्या मुलीने चेंडू फेकला, सरळ शितलच्या पंजात. बसला, आणि निसटला. हरलो. परत येताना टेम्पोत शितल रडत होती आणि सर तिच्याशेजारी बसून समोर बघत होते. शंभर पोरांना एका दमात कवायत करायला लावणारा हा माणूस त्या अख्ख्या प्रवासात एक शब्द बोलला नाही. वाटेत कडा गावात उतरून त्यांनी तिला पेरू घेऊन दिला आणि परत समोर बघायला लागले.

बोलणं हे सरांचं खातंच नव्हतं, ते त्यांच्या बायकोकडे, सिंधूवहिनींकडे होतं. शितल शिकायला अंबाजोगाईला गेली, मग पुण्याला, मग लग्न होऊन अमेरिकेला. तिचा फोन आला की सर उचलायचे, "हां, बोल" म्हणायचे, आणि ती बोलायच्या आतच "थांब, देतो" म्हणून फोन वहिनींच्या हातात द्यायचे. मग वहिनी तासभर बोलायच्या आणि सर शेजारी बसून एकतर्फी ऐकायचे. दहा वर्षं त्यांनी लेकीशी एवढेच दोन शब्द बोलून काढली आणि कुणाचं अडलं नाही.

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. शितल आली, पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. त्यानंतरचे फोन मी भिंतीअलीकडून ऐकलेत. ऐकायचे नव्हते, पण भिंत एका विटेची.

"जेवलीस का?"

"जेवले. तुमी?"

"जेवलो. थंडी हाय का?"

"हाय."

"बरं. थांब, दे..." आणि मग काहीच नाही. थोड्या वेळाने फोन ठेवल्याचा आवाज. मला तेव्हा फार वाईट वाटायचं, हे मी सरांना कधी सांगितलं नाही.

तसा एक हिवाळा गेला. चैत्रात एका फोनवर शितल सहज बोलून गेली की तिच्या घराजवळ बेसबॉलचं मोठं मैदान आहे, संध्याकाळी तिथला आरडाओरडा खिडकीतून ऐकू येतो, आणि मॅच मात्र दिसत नाही. सरांनी विचारलं, का? तेव्हा जे कळलं ते मला आजही पटलेलं नाही. त्या लोकांचं एक ॲप आहे, त्यावर सगळ्या मॅचा दिसतात. फक्त ज्या शहराची टीम असेल, त्याच शहरातल्या लोकांना तिची मॅच ॲपवर बंद! त्यांनी बघायची तर केबल घ्यायची. जगात बाकी कुठेही बसा, खुशाल बघा.

सर भडकले. "म्हंजी लिंबागणेशला राहणाऱ्याला लिंबागणेशच्या गणपतीचं दर्शन बंद, अन् आपण शिरूरला बसून खुशाल घ्यायचं? ही कुठली रीत?" मग एकदम थांबले. "म्हंजी मला दिसतंय की. थांब, मी बघून सांगतो."

"थांब"च्या पुढे "देतो" सोडून त्यांनी दुसरा शब्द लावला, तो हा पहिल्यांदा.

सर केबलचे जुने भक्त. तार डोळ्याला दिसते, तिच्या टोकाला सत्तारभाई असतात, बंद पडली तर त्यांना शिव्या देता येतात, असा त्यांचा हिशोब. म्हणून आधी ते सत्तारभाईंच्या केबलच्या दुकानात गेले. सत्तारभाईंनी सगळे चॅनल पालथे घातले. "सर, कबड्डी है, कुस्ती है, परसों तो ऊंटां की रेस बी आई थी. ये तुम्हारा दांडकेवाला खेल नै आता मेरे पास." सर तिथून थेट माझ्याकडे आले, तीन शिट्ट्या न मारता. ॲप घालणं, पासवर्ड ठरवणं, टीव्हीला जोडणं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. पासवर्ड त्यांनी असा ठेवला की तो त्यांना दर आठवड्याला मलाच पुन्हा विचारावा लागतो.

तेव्हापासून हे सुरू झालं. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. सर आंघोळ करून टीव्हीसमोर बसतात. शितल साधा फोन लावते, सर तो स्पीकरवर टाकतात, कारण सांगताना त्यांना दोन्ही हात लागतात. आणि मग अडीच-तीन तास हा माणूस, जो पेरू देऊन गप्प बसला होता, तो बोलतो! फेकणारा कसा थुंकला, मुकादमाने टोपी कशी काढली, पंचाचं पोट कुठवर आलंय, सगळं. मधेमधे मॅच संथ झाली की "तू दवाखान्यात गेलतीस का?", "जावईबापूंचं काम कसं चालू हाय?", "तुझी आई व्हती तवा काळा मसाला कसा करायची, तुला येतो का?" असले प्रश्न सहज सुटतात. मॅच सुरू झाली की उत्तर अर्धवट टाकून दोघं तिकडे धावतात. त्यांच्या रविवारच्या दुपारच्या मॅचा आपल्याकडे रात्री पडतात, त्या सर घेत नाहीत. "रातपाळी आपल्याला जमत न्हाई," म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला तिकडचा हंगाम संपतो, इकडे टोळ्या तोडीला निघतात, गाव रिकामं होतं आणि सर पुन्हा "जेवलीस का"वर येतात. मग मी मनातल्या मनात चैत्राची वाट बघतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला त्या आरडाओरड्याचा राग येतो. येतोच. पण ते वेगळं.

यंदा गुढीपाडव्याला सर माझ्याकडे आले आणि बराच वेळ खुर्चीच्या टोकावर बसून राहिले.

"सर, तुमी शिकलेले हाव. केबल बरी का ॲप?"

"कुणासाठी?"

"असंच. एका माणसासाठी."

"कुठं राहतो तो माणूस?"

"लांब."

मग हळूहळू बाहेर आलं. जावईबापू निलेश म्हणत होता, यंदा केबल घेऊनच टाकू, किती दिवस असं ऐकत बसायचं. केबल आली की शितलला मॅच स्वतःच दिसणार. मग पहाटेचा फोन कशाला? सर हे असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "केबल लई वाईट असती सर. तुमी जरा कारणं लिवून द्या. मला सांगताना सुचत न्हाई."

"काय वाईट असतं?"

"तार म्हणल्यावर वांदरं लोंबकळणार."

"अमेरिकेत माकडं नाहीत, सर."

"मग खारी?"

"खारी आहेत."

"लिवा. एक, खारी तार कुरतडतेत."

असा एक कागदभर मजकूर झाला. दुसरं कारण विजांचं, तिसरं असं की केबलवाला सारखा घरी येतो आणि बाईमाणूस घरात एकटी असते, चौथं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद चष्मा लावून शितलला वाचून दाखवला. "एक, खारी." पलीकडे चारही कारणं ऐकून झाली. मग शितल म्हणाली, "बरं आप्पा. न्हाई घेत केबल."

सर त्या दिवशी कॉलनीत सगळ्यांना पेढे वाटत फिरले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणायचे, "असंच." पहाटेचं ते वाचन गल्लीभर ऐकू गेलं होतं; दुपारी सत्तारभाई गाडी घेऊन दारात उभे. "क्या सर, गांवभर बोलरे बोले, केबल में चूहे लगते? मेरा धंदा बिठाते क्या?" सरांनी त्यांना दोन पेढे दिले आणि सांगितलं, "तुमची न्हाई वो सत्तारभाई. अमेरिकेची."

इथपर्यंत ठीक होतं. पण पाडव्यानंतर दोनेक आठवड्यांनी मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. सर सांगत असायचे, "आता फेकणार हाय, वळला, हात वर घेतला," आणि पलीकडून शितल मध्येच "हात्तेच्या!" म्हणायची. सर चालूच, "फेकला! अन् लागला की गं बॅटला!" म्हणजे ती आधी हळहळायची आणि चेंडू नंतर लागायचा. एकदा नाही, दर मॅचला. मी माझ्या पुण्याच्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, ॲपवर चित्र उशिरा पोचतं, केबलवर आधी. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक पडतो."

म्हणजे शितलने केबल घेतली होती. आणि बापाला सांगितलं नव्हतं.

दोन गावांच्या वेळेतला फरक काढणं हा माझा जन्माचा धंदा, पण हा फरक मी कुणाला सांगितला नाही. मला भीती एकच होती, सरांच्या कधीतरी हे लक्षात येणार. आणि मग ते कागद घडी करून ठेवतील, टीव्ही बंद करतील आणि म्हणतील, "जेवलीस का?" सरांना मात्र काही कळत नव्हतं. शितलचं "हात्तेच्या" ऐकून ते उलट खूश व्हायचे. "कॅचर हाय ती! बॉल यायच्या आधीच तिला कळतं."

वैशाखात एका पहाटे वावटळ उठली. पत्रे उडाले, कुठेतरी खांब पडला आणि लाइट गेली. उकडत होतं म्हणून मी आधीच सरांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. आत मॅच नुकतीच रंगात आली होती. सर टीव्हीपुढे उभे होते, हात वर, "मारला! लई लांब मारला..." आणि टीव्ही काळा. वायफायचा डबा मेलेला. मोबाइलला रेंजची एकच काडी, तिच्यावर बोलणं जात होतं, चित्र येत नव्हतं.

"मग?" स्पीकरवर शितल. "आप्पा, मग काय झालं?"

मी हातानेच खूण केली, सांगा लाइट गेली म्हणून. सरांनी फोनवर तळवा ठेवला. त्यांचा चेहरा मी वहिनी गेल्या तेव्हा बघितला होता, तसा झाला होता. "लाइट गेली म्हणलं तर ती फोन ठिवल. अन् म्हणल, ह्या रोजच्या कटकटीपरीस केबल बरी." त्यांनी तळवा काढला, काळ्या टीव्हीकडे बघितलं आणि ओरडले, "झेलला!"

मी कपाळावर हात मारला. शितलच्या समोर केबल चालू, आणि हा माणूस मनाने मॅच खेळवतोय! मला मधे पडता येईना, कारण पडलो तर केबलचं फुटणार. मी ओट्यावर बसून घाम पुसत राहिलो.

सर आधी अडखळत होते. मग रंगले. दोन डाव झाले, चार डाव झाले. फेकणारा बदलला, मुकादम तीनदा बाहेर आला. पंचाने धोतर सावरलं असंही एकदा म्हणून गेले. शितल प्रत्येक वेळी म्हणायची, "हं. मग?" आणि शेवटच्या डावात सर एकाएकी हळू बोलायला लागले.

"बरोबरी हाय. दोन बाद. तिसऱ्या मुक्कामावरून एक पळत सुटली... सुटला. घराकडं. डावीकडं, बाभळीपून, फेकलाय बॉल."



"कोणच्या बाभळीपून, आप्पा?"

सर गडबडले. "हाय हितं एक. कडंला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं," शितल म्हणाली. "मग?"

"मग काय. सरळ आला. कॅचरच्या पंजात बसला." सरांनी स्वतःचे दोन्ही तळवे छातीशी घट्ट मिटले. "न्हाई सोडला तिनं. लई धूळ उडाली, पर न्हाई सोडला. पंच म्हणला, बाद!"

मग त्यांनी घाईघाईने "जितलो आपण, ठिवतो आता, पाणी आलंय" असं सांगून फोन बंद केला. नळाला पाणी येण्याचा तो दिवस नव्हता. घरी येऊन, लाइट आल्यावर, मी खरा निकाल बघितला. शितलची टीम अकरा धावांनी हरली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दामच सरांकडे चहाला जाऊन बसलो. टीव्ही चालू होता. फोन वाजला, आणि पलीकडून शितलऐवजी निलेशचा आवाज. "नमस्कार आप्पा! काल काय बेकार हरलो आपण! महिनाभर झाला केबल घेऊन, पण असला घाण खेळ बघितला नव्हता." मग मागून शितलचा आवाज, "अहो, इकडं द्या!", आणि काहीतरी पडल्याचा आवाज.

सरांचा कप तोंडापाशी थांबला होता. मी जमिनीकडे बघत होतो.

"आप्पा," शितल म्हणाली.

"केबल घेतलीस."

"हो."

"काल तुला समदं दिसत व्हतं. अन् मी हितं..."

"न्हाई दिसत व्हतं," शितल म्हणाली. अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही तिचं बोलणं शिरूरचंच होतं. "केबल निलेशसाठी घेतली आप्पा. तुमाला सांगितलं असतं तर तुमी सांगायचं बंद केलं असतं. मी आवाज बंद करून बघती अन् तुमचं ऐकती. हितले लोक मुकादम भाईर आला म्हणत न्हाईत. अन् काल बाभूळ आली तवा मी उठून किचनमधी जाऊन बसले. मग मला एकच मॅच दिसत व्हती."

सरांनी कप खाली ठेवला.

"आप्पा, एवढी वर्षं झाली, तो बॉल अजून निसटतो माझ्या हातातून. झोपेत बी. काल पयल्यांदा बसला. पर बरोबरी व्हती ना? मग आपण जितलो कसं, ते तुमी सांगितलंच न्हाई."

सरांनी तोंड उघडलं. आणि मग त्यांनी "थांब, देतो" म्हणून फोन उजवीकडे पुढे केला, जिथे वहिनी बसायच्या. तिथे मी बसलो होतो. मी फोन घेतला.

"काका?"

"हं."

"आप्पा बरे हायत ना?"

मी बघितलं. सर टॉवेलने तोंड पुसत होते, पुन्हा पुन्हा, कोरडं झालं तरी. मला एकदम हलकं वाटलं. शेवटी भूगोलाचा माणूस काय बोलणार? मी तिला विचारलं, "तिकडं आता किती वाजले गं?"

"आणा इकडं," सरांनी फोन ओढून घेतला. टीव्हीवर खरी मॅच चालू होती, तिच्याकडे त्यांनी पाठ केली. गळ्यातली शिट्टी एकदा वाजवली.

"ऐक. बरोबरी हाय. आता आपली बॅट. बॅटवर कोण हाय, वळख."

"कोण?"

"तूच की गं! मारलास बघ. बाभळीच्या वरून गेला. पळ! पयला मुक्काम झाला. दुसऱ्यावर थांबू नकू, लई दिवस झाले दुसऱ्यावर. पळ, शितल! तिसरा झाला. आता घर!"

स्पीकरवर शितल हसत होती का रडत होती ते कळत नव्हतं. "आले आप्पा," ती म्हणत होती, "आले, आले."

तेवढ्यात बाळू दूध घेऊन दारात आला. त्याने आधी मुकादम कुठे दिसतो का ते बघितलं, मग मला हळूच विचारलं, "सर, कोण यायलंय घरी?"

"शितल," मी म्हणालो.

"आगं माय! कवा?"

सरांनी फोनवर तळवा ठेवला. "आलीच," ते म्हणाले.

"मग एक माप जादा घालू का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे.

"घाल," ते म्हणाले.